काळी कुंची

संक्रांतीच्या दिवशी सुरतेत माणूस जमिनीवर सापडत नाही. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, काल परगावाहून आलेले पाहुणे, झाडून सगळे गच्चीवर. दवाखान्यातही तीच तऱ्हा होती. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या दोन सिस्टरांपैकी एक रजेवर होती आणि उरलेलीचा अर्धा जीव आभाळात अडकला होता. वॉर्डबॉय भोगीच्या दुपारपासूनच गायब होता. खिडकीबाहेरचा रस्ता इतका मोकळा पडला होता की कुत्रं चाललं तरी त्याच्या नखांचा आवाज यावा. बाकी आवाज म्हणायचे ते सगळे वरून येत होते. कुठंतरी पतंग कापला जायचा आणि आरोळी उठायची, ‘एऽऽ काय पो छे!’ मग थाळ्या, डबे, भोंगे. आणि मग एकदम काहीच नाही.

सुंदरा भिंतीकडच्या खाटेवर पडून होती. डाव्या हाताला सलाईन लावलेलं, उजव्या हातात थोरल्या जावेचं, रंजनाचं मनगट. कळ आली की ती ते मनगट आवळायची आणि रंजना दातांत पदर धरून बसायची. दोघींच्या लग्नांत सात वर्षांचं अंतर. एरवी घरात दोघींचं भांड्यावरून, पाण्यावरून, कशावरूनही वाजायचं. आज रंजना सकाळपासून एक शब्द वाकडा बोलली नव्हती. सुंदराला तेच जास्त भीतीचं वाटत होतं.

तिला वाटलं होतं, भूल देतील आणि दात काढतात तसं काढून टाकतील. कुणी तसं म्हणालं नव्हतं, पण दुसरंही काही कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नळी घालून गर्भपिशवीत औषध सोडलं, सिस्टरनं ‘पग सीधा राखो’ म्हणून मांडीवर चापट मारली आणि दोघी निघून गेल्या. आज कळा सुरू झाल्यावर तिला उमगलं, हे मूल तिला जन्माला घालावं लागणार होतं. सगळ्या बाया घालतात तसंच. फक्त शेवटी काही मिळणार नव्हतं.

सोनोग्राफीत दिसलं होतं ते डॉक्टरीणबाईंनी हिंदीत दोनदा सांगितलं होतं. बाळाचं डोकं वरून बंदच झालेलं नाही. भुवयांच्या वर कवटी नाही. नऊ महिने ठेवलं तरी जगणार नाही. आणि ठेवायचं नसेल तर कायद्याची मुदत सरत आली आहे, सणवार बघत बसू नका. म्हणून ही संक्रांत. लग्नानंतरची पहिली.

शेजारच्या खाटेवर सिझर झालेली एक गुजराती बाई होती, जशुबेन. तिच्या कुशीत लालबुंद मुलगा होता आणि तोंडाला विश्रांती नव्हती. उद्या त्याची छठी, सहाव्या दिवसाची पूजा, म्हणून नणंदेनं कोरा कागद आणि पेन आणायला हवं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. विधाता देवी येऊन नशीब लिहून जाते, पेन चालणारं पाहिजे, मागं मोठ्याच्या वेळी शाई वाळलेली निघाली आणि म्हणून तो अभ्यासात असा. मधेच तिनं सुंदराकडे कूस वळवली.

“केटलामो महिनो?”

“पांचमो,” रंजनानं परस्पर सांगितलं.

जशुबेननं आवाज खाली आणला. “छोकरी हती ने?”

रंजनाला दोन मुली. मुलगा की मुलगी सांगणाऱ्या सोनोग्राफीची जाहिरात सुरतेत कुठल्या भिंतीवर नव्हती? बाईनं पाचव्या महिन्यात पाडायला यावं आणि लोकांनी दुसरं काय समजावं? पण ऐकणारीनं ते किती ऐकून घ्यावं!

“माथुं नथी,” रंजना म्हणाली. “डोकंच नाही बाळाला. आता समजलं?”

जशुबेननं आपल्या पोराच्या डोक्यावर हात झाकला आणि तोंड फिरवलं. सुंदराच्या मनात मात्र तो कोरा कागद राहिला. आपल्याकडे पाचवीला सटवाई येते. पाट्यावरवंट्याची पूजा मांडतात, कागद-लेखणी ठेवतात, आणि सगळी निजली की ती येऊन लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. लहानपणी तिनं आईला विचारलं होतं, शाई दिसत कशी नाही? आता दुसराच प्रश्न होता, आणि तो विचारायला आई नव्हती.

तेव्हा तिला ती म्हातारी पहिल्यांदा दिसली. दाराजवळच्या बाकावर बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर ओढलेला पदर. उजव्या हाताची बोटं गुलाबी झालेली, पार मुळापर्यंत. ह्या दिवसांत सुरतेत अशी बोटं शेकड्यांनी दिसतात. रस्त्यावर मांजा रंगवणाऱ्या बायांच्या हाताचा रंग होळीपर्यंत जात नाही. तेव्हा बोटांचं काही नवल नव्हतं. नवल ह्याचं की वॉर्डात एवढी लेकरं रडत होती आणि म्हातारी त्यांतल्या एकाकडेही बघत नव्हती. ती सुंदराच्या पोटाकडे बघत होती.

“अक्का, ती डोकरी कोनी शे?”

“कोनती?”

“दारजोडे बठेल शे ती.”

रंजनानं मान वळवली, तेवढ्यात सिस्टर बादली ओलांडत मधून गेली. “व्हई कोनी तरी. तू श्वास घे.”

सुंदरानं श्वास घेतला. सोडून पुन्हा बघितलं तर बाक होता, म्हातारी नव्हती.

*

दुपारी तिला आतल्या खोलीत नेलं. खोली कसली, वॉर्डाचाच एक कोपरा पडदा लावून तोडलेला. पडद्यापलीकडे घर उभं होतं आणि आवाज खाली ठेवायची ह्या घराला कधीच सवय नव्हती. यंत्रमागांच्या खटखटाटात जन्म गेलेली माणसं ती, कानात सांगायचं झालं तरी ओरडूनच सांगायची.

“पोटवर हात ठेवीसन सांगस,” सासूबाईंचा, उषाबाईंचा आवाज. “तिले देखू द्यानं नही. डॉक्टरीणले बी मी सांगी ठेयेल शे.”

“माय, ती कालपासून एकच म्हनी राहिनी,” हा लखन. “एक डाव देखू द्या, बस.”

“तू बायकोना बैल बनू नको. जे मायनं देखं, ते कूखना ध्यानमा र्‍हास. पुढलं बी तसंच व्हई.”

लखनच्या चपला मागं सरकल्याचा आवाज आला. सुंदरानं डोळे मिटले. कालच संध्याकाळी त्यानं तिच्या पायाला हात लावून सांगितलं होतं, मी मायला समजावतो. त्याचं समजावणं एवढंच असायचं. तो वाईट नव्हता. आईसमोर त्याच्या पाठीचा कणा कुठं जायचा ते त्यालाच कळत नसे.

ती काल भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर हात धरून म्हणाली होती, मला बघायचंय. नंतर जे करायचं ते करा. पाच महिने वागवलंय, तोंड तरी बघू द्या. तिला भीती बाळाची नव्हती. भीती होती ती न बघण्याची. सोनोग्राफी झाल्यापासून डोळे मिटले की तिला काहीतरी दिसायचं, आणि रोज ते थोडं मोठं आणि थोडं जवळ येत होतं. त्याला तोंड नव्हतं. नुसतं ते तिच्याकडे वळायचं.

“आनि न देखता जे तिना मनमा दिखास, ते?” पडद्यापलीकडे रंजना म्हणाली.

“रंजना, तू मधमा पडू नको.”

“पडसू. आत्या, पलेगना टाइमले तिना हातवर कॅप्सूल कोनी ठेवी व्हती? मी ठेवी का?”

“वहिनी!” लखन ओरडला.

कॅप्सूल हा शब्द घरात कुणी काढत नव्हतं. सप्टेंबरात प्लेगची हूल उठली, अर्धी सुरत गाड्यांच्या टपावर बसून पळाली, तेव्हा निघण्याआधी उषाबाईंनी सगळ्या घराला ओळीत उभं केलं होतं. कुठून तरी दुप्पट पैसे मोजून आणलेली टेट्रासायक्लिन. एकेकाच्या हातावर कॅप्सूल, वर पाणी, मग ‘तोंड उघड’ म्हणून खात्री. रोज दोन वेळा, गावी पोचल्यावरही. सुंदराला तेव्हा स्वतःलाच ठाऊक नव्हतं की तिच्या पोटात काही आहे. तिला मळमळलं तेव्हा उषाबाईंनी ती ओकारी प्लेगची समजून आणखी एक दिली होती.

डॉक्टरीणबाईंना सुंदरानं हे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, त्या गोळ्यांनी असं होत नाही, हे कुणाच्या हातानं झालेलं नाही. घरी येऊन तिनं ते सासूला सांगितलं. उषाबाईंनी शेंगा सोलता सोलता ऐकलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर म्हनस.” एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या हातावर काही ठेवलं नव्हतं. भाकरीसुद्धा ताटात टाकायच्या.

सुंदरानं पडद्याखालच्या फटीतून बघितलं. लखनच्या चपला, रंजनाचे जोडवी घातलेले पाय, उषाबाईंच्या टाचांच्या भेगा. आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन पाय. अनवाणी. घोट्यापर्यंत हिरवं लुगडं.

तिनं तोंड उघडलं, पण मग कळ आली ती थांबलीच नाही.

*

“जोर करो बेन, जोर करो.”

शिकाऊ डॉक्टर पोरगेली होती, घाबरलेली होती आणि घाबरल्यामुळं ओरडत होती. सिस्टर सुंदराचे गुडघे दाबून उभी. दूर कुठंतरी भोंग्यावर गाणं लागलं होतं. सुंदरानं एकदाचा सगळा जीव खाली लोटला आणि काहीतरी लहानसं, कोमट, तिच्यातून निसटलं.

आणि सुरत गप्प झाली. भोंगा थांबला. थाळ्या थांबल्या. एकही आरोळी नाही. एवढ्या मोठ्या गावात नेमक्या त्या वेळी एकही पतंग कापला जाऊ नये, हे तिला पुढं कितीतरी वर्षं कुणालाही नीट सांगता आलं नाही. ती कान देऊन पडून राहिली. रडण्याचा आवाज येणार नव्हता हे ठाऊक असून तिनं कान दिला.

स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. वरून जाळीचं फडकं टाकल्याचं दिसलं.

“फिमेल,” सिस्टर डॉक्टरला म्हणाली.

एवढा इंग्रजी शब्द सातवी शिकलेल्या सुंदराला कळत होता. “सिस्टर, मला दाखवा.”

“जोवा जेवुं कंई नथी, बेन. भूली जाव.” बघण्यासारखं काही नाही, विसरून जा.

“माझी आहे. मला दाखवा.”

“सासूए ना पाडी छे,” सिस्टर म्हणाली. सासूनं नको म्हटलं होतं. आणि ती ट्रे उचलून मागच्या खोलीत घेऊन गेली. जणू पोट सासूचं होतं, कळा सासूनं सोसल्या होत्या! सुंदरा उठायला गेली. सलाईनची सुई हातातून सुटली आणि शिकाऊ डॉक्टर आणखीच ओरडली. मग पिशवी साफ करायचं काम सुरू झालं. ते तिनं छताकडे बघत सोसलं. सोसताना ती एकच वाक्य म्हणत होती, आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसतं ओठांनी. दाखवा. माझी आहे.

वॉर्डातली आया, अनुसया, बाहेर जाऊन ओरडली, “कपडा कोणी आणलाय? गुंडाळायला कपडा द्या, बाबांनो!”

कुणीच आणला नव्हता. बाळ येणारच नाही म्हटल्यावर कपडा कशाला? सासरे आणि लखन, घरातले बापलेक, दिवसभर कापडाची थानंच्या थानं विणत होते, आणि त्या घराकडे हातभर चिंधी नव्हती.

“धुळ्याकडची ना तुम्ही? मी पन तिकडचीच,” अनुसया म्हणाली. “असं उघडं देता का कोनी मातीला?”

रंजनाच्या पिशवीची चेन वाजली. तिनं सकाळी गुपचूप सुंदराची काळी साडी बरोबर घेतली होती. पहिल्या संक्रांतीला घ्यायची ती, बारीक बुट्ट्यांची, लखनच्या मागावरच्या कापडाची. सगळं आटोपल्यावर निदान खांद्यावर टाकू, सवाष्णीचा सण कोरडा जाऊ नये, एवढाच तिचा विचार. साडी टरकावल्याचा लांबलचक आवाज सुंदरानं ऐकला.

“मले दे,” उषाबाई म्हणाल्या. “मी गुंडायस. तुम्ही कोनी मांगे येऊ नका.”

त्यांची पावलं मागच्या खोलीकडे गेली. दार लागलं. मग कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज आला. एकटं माणूस बोलतं तसा नाही. थोडं बोलणं, मग थांबणं, मग उत्तर. अनुसया आया इथंच उभी होती, सिस्टर इथंच हात धूत होती.

“आत कोन शे?” सुंदरानं विचारलं.

“तुनी सासूच,” रंजना म्हणाली. पण तिनंही दाराकडे बघितलं.

किती वेळ गेला कुणी सांगू शकलं नसतं. दार उघडलं आणि उषाबाई आल्या. त्या सरळ सुंदराच्या खाटेपाशी आल्या. लखन मधे आला त्याला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. त्यांच्या डाव्या हातावर काळी कुंची होती. घरातल्या प्रत्येक पोराला घातलेली, डोक्यावरून खांद्यावर येणारी कुंची, फक्त वीतभर. काळ्या साडीची एकच घडी अशी बसवली होती की टाका नाही आणि तरी सुटत नव्हती. उजवी मूठ त्यांनी पदरात झाकली होती.

“देख,” त्या म्हणाल्या.

सुंदरानं बघितलं. कुंची भुवयांपर्यंत ओढलेली. त्याखाली मिटलेले डोळे, जरा फुगीर. नाक म्हणजे नुसता दाणा. हनुवटी लखनची, अगदी मधली खळीसुद्धा. एक हात बाहेर होता आणि त्याच्या बोटांना नखं होती. जे रोज डोळे मिटल्यावर तिच्याकडे वळायचं ते हे नव्हतं. हे तिचं बाळ होतं आणि त्याला तोंड होतं. ती हसली. रंजनानं नंतर शपथेवर सांगितलं, सुंदरा हसली.

तिनं बोट पुढं केलं, कुंचीची कड वर सारायला. उषाबाईंनी मान हलवली.

“तठे नको,” त्या हळू म्हणाल्या. ह्या बाईला हळू बोलता येतं हे त्या दिवशी घराला कळलं. “तेवढं सोडी दे. बाकी समदी तुनी शे.”

वर आभाळात पुन्हा आरोळी उठली.

*

बापलेकांनी काळ्या कुंचीतल्या पोरीला तापीकाठी नेऊन मातीत ठेवलं. लखन परत आला तो दोन दिवस जेवला नाही.

दवाखान्यातून निघताना गोळ्या दिल्या, जड उचलू नका म्हणून सांगितलं. दूध येईल हे कुणीच सांगितलं नाही. सुरतेतल्याच डिंडोलीच्या घरी तिसऱ्या दिवशी पहाटे सुंदरा उठली ती छाती दगड झालेली. शेजारच्या खोलीतलं तान्हं रडलं की पोलकं भिजायचं. दुधाला कळत नव्हतं की हे आपलं नाही. रंजनानं जुन्या धोतराच्या पट्टीनं छाती आवळून बांधली आणि बांधताना स्वतःच रडली.

पाचव्या दिवशी दुपारी उषाबाईंनी पाटा धुवायला काढला. वरवंटा धुतला. दोन्ही मधल्या खोलीत मांडले, हळदकुंकू वाहिलं. शेजारी विळा ठेवला, कणकेचा दिवा ठेवला. मग धाकट्या नातीच्या वहीतलं एक कोरं पान फाडून आणलं आणि त्यावर पेन आडवं ठेवलं.

सासरे, भिकन, पाळीवर निघाले होते. ते उंबऱ्यातच थांबले. “लखननी माय, भान शे का? गयेल पोरनी पाचवी करस का कोनी?”

“मी करस.”

“लोके काय म्हनतीन?”

“दार लोटीसन जा. लोके दिखाऊत नही.”

भिकन अण्णा घरात ज्या एका माणसाला वचकून असत ते माणूस समोर बसलं होतं. त्यांनी डबा उचलला आणि खरंच दार लोटून गेले. रंजना न सांगता उठली आणि वाटीत तेल घेऊन आली. दिवा लागला. दुपार असून खोलीत अंधारलं होतं, कारण खिडकीबाहेरच्या तारांवर अडकलेले पतंग वाऱ्यानं एकावर एक येऊन साचले होते आणि कुणी काढले नव्हते. त्यांच्या कागदाची सळसळ चालू होती.

सुंदरा भिंतीला टेकून बसली. ती कोऱ्या कागदाकडे बघत होती. शेवटी बोललीच.

“आत्या, सटवाईनं काय लिखवं? पोरले कपायच नव्हतं.”

उषाबाईंनी वात सारली. “तिनी बी हाईच विचारं.”

“कोनी?”

“त्या बाकवरली डोकरीनी. हिरवा लुगडावाली.”

सुंदरानं रंजनाकडे बघितलं. रंजनानं हळूच नाही म्हणून मान हलवली. तिनं सासूला काही सांगितलं नव्हतं. त्या म्हातारीचं नाव दवाखान्यानंतर ह्या घरात निघालंच नव्हतं.

“मी कपडा लीसन मांगली खोलीमा गऊ,” उषाबाई सांगू लागल्या. त्या दिव्याकडे बघून सांगत होत्या. “ट्रेजोडे ती बठेल व्हती. जशी घरनीच बाई. माले म्हने, ‘उषा, कपाय कोठे शे? मी लिखू कोठे?’ तिले मनं नाव कसं मालूम? मी सांगं, तू जाय. ती म्हने, ‘लिखाबिगर मी जास नही. जिनं नशीब लिखं नही ती जगमा उनी बी नही, गई बी नही. मंग ती कोनी?’”

रंजना मागं सरकून सुंदराला चिकटून बसली.

“मंग?” सुंदरा म्हणाली.

“मंग मी पोरनं तोंड देखं. तोवर मी बी देखं नव्हतं. मी तिले म्हनं, कपाय नही ते नही. याच हातवरी मी कॅप्सूल वाटी. याच हातवर लिख.”

त्यांनी उजवी मूठ दिव्याजवळ आणली आणि उघडली.

तळहातावर एक गुलाबी रेघ होती. मनगटापासून निघालेली, मधे दोनदा वळलेली, करंगळीखाली संपलेली. पाच दिवस सगळ्यांनी ती बघितली होती. मांजानं कापलं असेल म्हणून रंजनानं तिच्यावर हळदही दाबली होती. संक्रांतीनंतर अर्ध्या सुरतेच्या हातांवर असल्या रेघा असतात. पण त्या भरतात. ही भरली नव्हती, आणि चिघळलीही नव्हती. कपडे धुऊन, भांडी घासून, पाटा घासून उषाबाईंचे हात पांढरे पडले होते आणि रेघेचा रंग होता तसाच होता.

“काय लिखं शे?” सुंदरानं विचारलं.

“माले कोठे वाचता येस? तू सातवी शिकेल ना. तू वाच.”

ह्या घरात आल्यापासून सुंदराकडे उषाबाईंनी काहीही मागितलं नव्हतं. सांगितलं होतं, फर्मावलं होतं. आज त्या हात दिव्यापुढं धरून वाट बघत होत्या. सुंदराला दिसलं, आपण आत्ता काहीही बोललो तरी ही बाई ते मरेपर्यंत खरं धरणार आहे. तुमच्या हातानं माझं लेकरू गेलं, असंही वाचता आलं असतं. तिच्या मनात ते येऊन गेलं. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं तरी येऊन गेलं.

तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दिव्याकडे कलवला. अक्षर नव्हतं. रेघच होती. पण ती रेघ तिला ओळखीची होती. शाळेत भिंतीवरच्या नकाशात बाईंची छडी ह्याच वळणांवरून फिरायची, पूर्वेकडून निघून, आपल्या खान्देशातून, पश्चिमेला सुरतेपर्यंत. तिच्याच काठी बापलेक काळी कुंची ठेवून आले होते.

“नाव शे,” सुंदरा म्हणाली.

“कोनतं?”

“तापी.”

उषाबाईंनी ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. तापी. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. रंजनानंही म्हटलं. तिघींनी म्हटल्यावर ते नाव खोलीत राहिलं. बाहेर तारांवरच्या पतंगांची सळसळ थांबली होती. कागदाकडे कुणीच बघितलं नाही.

तेवढ्यात शेजारचं तान्हं जागं झालं आणि रडू लागलं. सुंदराची छाती भरून आली, पट्टी भिजली, पोलकं भिजलं. ती ओशाळून पदर ओढू लागली. उषाबाईंनी हात मागं घेतला नाही. उलट त्यांनी तळवा तिच्यापुढं धरला, ओंजळ करावी तसा, रेघ वर करून.

“भुकी शे ती,” त्या म्हणाल्या. “पाज तिले.”

रंजनानं उठून दाराला कडी घातली. सुंदरानं पदराआड हात घातला आणि धोतराच्या पट्टीची गाठ सोडायला घेतली.